बाबासाहेबांचे इन्सुलिन

सातारा-सांगलीच्या वस्त्यांतून फिरताना आम्हाला एक भीती वारंवार भेटते. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितले की माणूस शेवट जवळ आला असे समजतो आणि सुई टाळतो. घरात बाबासाहेबांची तसबीर असते. पण बाबासाहेबही मधुमेही होते, इन्सुलिन घेत होते, हे किती घरांत सांगितले जाते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत दाखल झाला. आई भीमाबाई साताऱ्यातच गेल्या. वडिलांकडे निघालेली ही पोरे मसूर स्टेशनवर उतरली आणि बैलगाडीच्या त्या रात्री त्यांना कुणी पाणी दिले नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले, तेव्हा हा विद्यार्थी लंडनमध्ये अर्धपोटी अभ्यास करीत होता.

१९४८ साली घटनेचा मसुदा तयार होत असताना पायांतील कळांनी त्यांना झोप नव्हती. सोबत मधुमेह. मुंबईत डॉ. मालवणकर उपचार करीत, तेथेच डॉ. शारदा कबीर भेटल्या आणि १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला. पुढे इन्सुलिन आणि पथ्य माईसाहेबांनी सांभाळले. त्या काळी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत, काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागे, घरी रक्त तपासायची सोय नव्हती. महानिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी बोलणारे थांबले नाहीत. आम्हाला हे कधीच पटले नाही.

टाइप दोन मधुमेहात आधी शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग स्वादुपिंडच थकते. गोळ्या पुरत नाहीत तेव्हा उणे पडलेले बाहेरून द्यायचे, एवढाच हिशेब. मात्र बाटली ४० युनिटची असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. येथे चूक झाली की जिवावर बेतते. घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. उपाशीपोटी उसाच्या फडात राबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, आणि डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

याच आजारी देहाने बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा संविधान सभेत मांडला, २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपद सोडले, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना दीक्षा दिली. ५ डिसेंबरच्या रात्री ते आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते.