हेमाडपंत : देवळांपलीकडचा माणूस



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात लोणार, मेहकर, सातगाव भुसारी, कुठंही जा, जुनं दगडी देऊळ दिसलं की लोक म्हणतात, "हे हेमाडपंती आहे." पण हेमाडपंत कोण, असं मुलांनी विचारलं तर काय सांगायचं? त्यासाठी ही थोडक्यात ओळख.

हेमाडपंतांचं मूळ नाव हेमाद्री. वडिलांचं नाव कामदेव. देवगिरीच्या यादवांकडे ते श्रीकरणाधिप होते, म्हणजे राज्याच्या दफ्तराचे आणि लेखनकारभाराचे प्रमुख. आधी महादेव यादव (१२६१ ते १२७१) आणि नंतर रामचंद्रदेव, अशा दोन राजांकडे त्यांनी काम केलं. महादेवानंतर त्याचा मुलगा आमणदेव गादीवर बसला, पण रामचंद्राने त्याला दूर करून राज्य घेतलं. एवढी उलथापालथ झाली तरी हेमाद्रींचं स्थान टिकलं. १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात तर झाडीमंडळ, म्हणजे पूर्व विदर्भाचा भाग, जिंकल्याचं श्रेय त्यांना दिलेलं आहे. म्हणजे ते नुसते लेखणीवाले नव्हते.

ते मोठे पंडितही होते. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ व्रत, दान, तीर्थ, श्राद्ध अशा धर्मविधींचा प्रचंड संग्रह आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यक ग्रंथावर त्यांनी 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. व्याकरणकार बोपदेव हे त्यांच्याच आश्रयाला होते.

आता दुसरी बाजू. त्याच काळात चक्रधरस्वामी आपल्याच भागात फिरत होते. ते लोकांशी मराठीत बोलत आणि स्त्रियांना व सर्व जातींच्या माणसांना जवळ करत. चक्रधरांच्या छळाचा ठपका महानुभाव परंपरा हेमाद्रींवर ठेवते. धर्म कोणी सांगायचा आणि कोणत्या भाषेत, हा तो संघर्ष होता. वरच्या वर्गातल्या मुलांपुढे ही बाजू जरूर मांडावी. थोर माणसाबद्दलही प्रश्न विचारता येतात, हे त्यांना कळलं पाहिजे.

मग देवळांचं काय? चुना न वापरता, दगडांना खाचा पाडून ते एकमेकांत बसवायचे, ही ती पद्धत. पण अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं आहे, म्हणजे हेमाद्रींच्या दोनशे वर्षं आधीचं! पद्धत जुनीच, नाव मात्र पंतांचं चिकटलं. मोडी लिपी त्यांनी लंकेहून आणली हीसुद्धा दंतकथाच. पण दफ्तराचा प्रमुख आणि भरभर लिहायची लिपी, ही जोडी लोकांच्या मनात का बसली असेल, ते सहज समजतं.

उपक्रम : गावातल्या जुन्या देवळाला भेट द्या. दगडांचे सांधे मुलांना हात लावून पाहू द्या. नंतर वहीत दोन रकाने करायला सांगा, 'पुरावा आहे' आणि 'लोक सांगतात'. इतिहास शिकायची सुरुवात इथूनच होते.