सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (जन्म : मुंबई, १२ नोव्हेंबर १८९६, मृत्यू : मुंबई, २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ व निसर्गसंवर्धक होते. भारतातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण त्यांनी केले आणि पक्षिनिरीक्षणाचा छंद सामान्य वाचकांपर्यंत नेला. रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील किहीम या गावी त्यांनी केलेला सुगरण पक्ष्याचा अभ्यास विशेष प्रसिद्ध आहे.

बालपण

सलीम एक वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई वारली. मुंबईतील खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांचा सांभाळ केला. घरात शिकारीची आवड होती. छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्यांचाही खेळ होता. एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती हे घरात कोणालाच सांगता येईना, तेव्हा मामांनी चिठ्ठी देऊन त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचायला पुस्तके दिली. पक्ष्यांच्या या थोर रक्षकाचा पक्ष्यांशी पहिला परिचय बंदुकीच्या नळीतून झाला, हे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

किहीम आणि सुगरण

पुढे काही वर्षे ते ब्रह्मदेशात कौटुंबिक व्यवसायात होते. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशांअभावी ते पदच रद्द झाले होते. नोकरी नसल्याने पतिपत्नी किहीमच्या घरी राहायला आली.

तेथे जवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यातील वीणकाळात तासन्‌तास बसून त्यांनी प्रत्येक घरट्याची नोंद ठेवली. मराठीत सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. अर्धे विणलेले घरटे मादी पाहून जाते. तिने पसंत केले तरच नर ते पूर्ण करतो आणि तिने अंडी घातल्यावर दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा क्रम या नोंदींतून उलगडला. बेकारीच्या दिवसांत, कोणतेही मोठे साधन हाताशी नसताना झालेले हे काम त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया ठरले.

यानंतर हैदराबादसह अनेक संस्थानांत त्यांनी पक्षी सर्वेक्षणे केली. १९३९ मध्ये तेहमिना यांचे निधन झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे लोकप्रिय पुस्तक प्रसिद्ध झाले. एस. डिलन रिप्ले यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६४ ते १९७४ या काळात पूर्ण झाला.

संवर्धनकार्य

माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. महाराष्ट्रात १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले.

भरतपूरचे केवलादेव घना हे पाणथळ संस्थानी काळात शिकारीचे ठिकाण होते. १९३८ मध्ये तेथे एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ते कोरडे करून शेतीला देण्याची मागणी होती. सलीम अली यांनी पंडित नेहरूंपर्यंत विषय नेल्याने ते वाचले. मात्र पुढे राष्ट्रीय उद्यान होताना म्हशींच्या चराईवर बंदी घालावी, या मताचे तेही होते. १९८२ मध्ये बंदी अमलात आली, विरोध पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थांचा बळी गेला. सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासात नंतर वेगळेच दिसले. चराई थांबल्यावर गवत माजून पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांची जागाच कमी झाली. हा अभ्यास सुरू करण्यात सलीम अली यांचाच पुढाकार होता. चरित्रकार हा भाग अनेकदा ओझरता सांगतात. वस्तुतः त्यांनी घालून दिलेल्या नोंदींच्या शिस्तीनेच त्यांचे मत दुरुस्त केले.

सन्मान

पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६), जे. पॉल गेटी पारितोषिक (१९७६) व राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व (१९८५). गेटी पारितोषिकाच्या रकमेतून संवर्धननिधी उभारण्यात आला.

मृत्यूनंतर

सलीम अली यांच्या हयातीत गिधाडे इतकी विपुल होती, की त्यांची काळजी करावी असे कोणाला वाटले नसते. भरतपूरच्या त्याच अभ्यासात १९८७-८८ च्या सुमारास पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची सुमारे साडेतीनशे घरटी मोजली गेली होती. शतकअखेर ती जवळजवळ नाहीशी झाली. जुनी मोजणी हाती असल्यामुळेच ऱ्हास सिद्ध करता आला. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, असे २००४ मध्ये उघड झाले. २००६ मध्ये भारतात गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली.

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात काही गिधाडे तग धरून राहिली. किहीम समुद्रकाठी, तर हा मुलूख सह्याद्रीकडे सरकलेला. महाड येथील सिस्केप ही संस्था म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या परिसरात त्यांच्या संवर्धनाचे काम करते. उंच झाडांवरील घरट्यांवर लक्ष ठेवणे, मेलेली जनावरे पुरण्याऐवजी गिधाडांना खाद्य म्हणून उपलब्ध करून देणे आणि त्यासाठी गावकऱ्यांची साथ मिळविणे हे या कामाचे मुख्य भाग आहेत.