पितृगृह हेच प्रथम गुरुकुल

लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे नाव घेताच ‘गीतारहस्य’कार अशी त्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु त्या ग्रंथाचे बीज जेथे रुजले ते स्थान कोणतेही महाविद्यालय नसून एका सामान्य शिक्षकाचे घर होते, हे गृहस्थाश्रमी वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

दि. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे त्यांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शाळेत शिक्षक होते. वेतन थोडे, पण विद्येची संपत्ती मोठी. संस्कृत आणि गणित हे त्यांचे आवडते विषय. त्यांनी मुलाचे शिक्षण शाळेवर सोपवून दिले नाही. बाळने एक श्लोक पाठ केला की ते त्यास एक पै बक्षीस देत. १८६४ साली मुंज झाली, तेव्हा रूपावली, समासचक्र व अर्धा अमरकोश त्या आठ वर्षांच्या मुलाच्या मुखोद्गत होता आणि अपूर्णांकांपर्यंतचे गणितही झाले होते.

येथे कोणी शंका घेईल की, पैशाच्या लोभाने केलेले अध्ययन ते कसले? शंका रास्त आहे. पण गंगाधरपंतांनी पुढे काय केले ते पाहावे. मुलगा थोडा मोठा झाल्यावर त्याने बाणभट्टाची ‘कादंबरी’ वाचावयास मागितली. वडिलांनी त्यास एक अवघड गणित घातले व ते सोडविल्यास पुस्तक मिळेल असे सांगितले. बाळने नेटाने गणित सोडविले आणि पुस्तक मिळविले, असे चरित्रकार सांगतात. पै जाऊन तिच्या जागी ग्रंथ आला. विद्येचे पारितोषिक विद्याच झाली!

१८६६ साली वडिलांची बदली झाल्याने कुटुंब पुण्यास आले. लवकरच मातोश्री पार्वतीबाई निवर्तल्या. पुढे १८७२ साली गंगाधरपंतही अखेरच्या दुखण्याने अंथरुणास खिळले. त्या वेळी सोळा वर्षांचा पुत्र त्यांच्या उशाशी बसून गीतेवरील ‘भाषाविवृति’ नावाची प्राकृत टीका त्यांना वाचून दाखवीत असे. या वाचनात बक्षिसाची आशा नव्हती. होती केवळ सेवा. गीतेशी आपला परिचय याच प्रसंगी झाला, असे लोकमान्यांनी स्वतः ‘गीतारहस्या’च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्याच वर्षी वडिलांचे छत्र हरपले. पण त्यांनी लावलेली गोडी हरपली नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल स्थापण्यात ते अग्रभागी होते. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या कारावासात असतानाही त्यांचे अध्ययन थांबले नाही. तेथेच १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहिले. १९१५ साली ते प्रसिद्ध झाले.

गंगाधरपंतांजवळ द्रव्य नव्हते. मुलासाठी काढलेला वेळ होता. प्रत्येक घरी लोकमान्य निपजणार नाही हे खरे. तथापि दिवेलागणीनंतर घटकाभर मुलास जवळ घ्यावे, त्याचे पाठांतर कौतुकाने ऐकावे, एखादे कोडे घालावे, आणि उत्तर चुकले तरी रागावू नये. एवढे कोणत्या मातापित्यांस अशक्य आहे? धाकाने पाठ केलेले परीक्षेपुरते टिकते. आनंदाने शिकलेले जन्मभर सोबत करते.