घोडा की बैल?

समजा, उद्या सकाळी तुमच्या दारात दोन गाड्या उभ्या आहेत. एक लालभडक, तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा. दुसरी पिवळीधम्मक, तिच्यावर शिंगं रोखलेला बैल. किल्ली एकीचीच मिळणार. कोणती उचलाल?

कट्ट्यावर हा वाद एकदा पेटला की चहाच्या दोन फेऱ्या सहज होतात. वाद घालणाऱ्या पाच जणांत मिळून एकच सेकंडहँड स्कूटर असते, तो भाग वेगळा! पण हा वाद ज्याच्यामुळे सुरू झाला, तो माणूस आधी स्वतःच फेरारीचं गिऱ्हाईक होता, हे माहितीये का? आणि धंद्यानं तो होता चक्क ट्रॅक्टरवाला.

त्याचं नाव फेरुच्चो लॅम्बोर्गिनी. जन्म 28 एप्रिल 1916, उत्तर इटलीतल्या रेनाझ्झो या गावचा. घरी द्राक्षाची शेती. पण पोराचा जीव वेलींपेक्षा अवजारांत जास्त. तो यंत्रांचं शिक्षण घेतो न घेतो तोच महायुद्ध पेटलं आणि त्याची रवानगी झाली ऱ्होड्स बेटावर, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला. पुढं ब्रिटिशांनी बेट घेतलं, हा कैदेत गेला आणि 1946 मध्ये घरी परतला. दुसऱ्याच वर्षी मुलगा झाला, पण बाळंतपणात बायको गेली.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय एकतीस, पदरात तान्हं मूल, देश युद्धात पार खिळखिळा झालेला. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवेत, पण परवडत नाहीत. दुसरीकडं युद्धात वापरलेल्या लष्करी गाड्या भंगारात पडून आहेत. फेरुच्चोनं या दोन गोष्टी जोडल्या. भंगारातली इंजिनं काढली आणि ट्रॅक्टर बनवले. पेट्रोल महाग होतं, म्हणून त्यानं अशी जुळणी केली की ट्रॅक्टर सुरू पेट्रोलवर व्हायचा आणि मग स्वस्त इंधनावर चालायचा. 1948 मध्ये कंपनी उभी राहिली. पुढं तेलावर चालणारे बर्नर आणि एसीसुद्धा तो बनवू लागला. पैसा आला, आणि पैशाबरोबर भारी गाड्यांचा शौकही.

म्हणजे शौक आधीपासून होताच. त्याच 1948 साली पठ्ठ्या छोटी फियाट टोपोलिनो स्वतः सुधारून मिल्ले मिलिया या प्रसिद्ध शर्यतीत उतरला होता. हजारएक किलोमीटर पळाला आणि मग गाडी थेट रस्त्यालगतच्या एका खानावळीत घुसवली! शर्यतीचं भूत तिथंच उतरलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पन्नाशीचं दशक संपता संपता त्याच्याकडं फेरारी 250 जीटी आली. वेगात तिला तोड नव्हती. पण आवाज फार, आतली सजावट यथातथा, आणि क्लच सारखा बिघडायचा. प्रत्येक वेळी गाडी मारानेल्लोच्या कारखान्यात न्यायची आणि ताटकळत बसायचं. पुढचा किस्सा फेरुच्चो स्वतः आयुष्यभर रंगवून सांगायचा. शेवटी वैतागून तो एन्झो फेरारीकडं तक्रार घेऊन गेला, तर एन्झोनं त्याला उडवून लावलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं स्पोर्ट्स कारमधलं शिकवू नये, असा एकूण सूर.

इथं थांबून एन्झोचीही बाजू बघू, नाहीतर हा नुसता सिनेमा होईल. एन्झो अठरा वर्षांनी मोठा, हाडाचा शर्यतवाला. त्याच्या गाड्या 1960 ते 1965 सलग सहा वर्षं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकल्या. रस्त्यावरच्या गाड्या तो विकायचा, कारण त्या पैशावर शर्यतीचा संसार चालायचा. गिऱ्हाइकाच्या सीटचा मऊपणा त्याच्या यादीत खूप खाली होता. फेरुच्चोचं उलटं. शर्यतीला त्यानं रामराम ठोकला होता. त्याला हवी होती वेगवान, पण दूरच्या प्रवासात पाठ न मोडणारी, वाटेत दगा न देणारी गाडी.

दोन गाड्यांतला खरा फरक हाच. रंगाचा नाही, लोगोचा नाही. गाडी कुणासाठी बनवायची, या प्रश्नाची ती दोन उत्तरं आहेत.

1963 मध्ये सांत’आगाता बोलोनेझेला नवा कारखाना उभा राहिला. खूण म्हणून बैल आला, कारण फेरुच्चोची रास वृषभ. इंजिनासाठी त्यानं जोत्तो बिझ्झारिनीला गाठलं, जो आधी फेरारीकडंच होता. सोबतीला जानपाओलो दल्लारा आणि पाओलो स्तान्झानी, दोघंही जेमतेम पंचविशी ओलांडलेले. त्याच वर्षी तुरिनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडली, पण इंजिन काही आत बसेना. मग काय, आत नुसतं वजन भरलं आणि बॉनेट बंद ठेवून वेळ मारून नेली! प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्रीची आठवण झाली ना?

पण 1964 ची 350 जीटी रस्त्यावर आली तेव्हा त्यात खोट नव्हती. फेरारी 250 जीटीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड होता, इथं मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. बारा सिलिंडरच्या इंजिनावर चार कॅमशाफ्ट, गिअर पाच. मालकाची एकेक तक्रार जणू यादी करून निपटली होती. मग पोरांनी मिउरा बनवली. इंजिन आडवं, तेही चालकाच्या पाठीमागं. 1966 च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती झळकली, तेव्हा तिला रूप देणारा मार्चेल्लो गांदिनी फक्त सत्तावीस वर्षांचा होता.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे अपमान झाला की कंपनी काढायची! सोप्पंय! तर नाही. रिल्समध्ये ही गोष्ट अशीच सांगतात, पण मधली पंधरा वर्षं गाळतात. एन्झोच्या दारातून परतताना फेरुच्चोकडं चालता कारखाना होता, हाताशी कारागीर होते आणि क्लच खोलून बघण्याइतकी स्वतःची अक्कल होती. ट्रॅक्टर नसते, तर बैलही नसता.

आणि शेवटही गोड नाही. सत्तरीच्या दशकात ट्रॅक्टरची परदेशातली मोठी ऑर्डर रद्द झाली, तेलाचे भाव भडकले. 1972 मध्ये त्यानं मोटार कंपनीतला 51 टक्के हिस्सा विकला, 1974 मध्ये उरलेला. ट्रॅक्टरचा धंदाही गेला. स्वतःच्या नावाच्या गाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या होताना त्यानं बघितल्या. त्याच्याही आधी, 1969 मध्ये, एन्झोनं आपला अर्धा हिस्सा फियाटला दिला होता. दोघांनाही आपलं घर पूर्ण राखता आलं नाही.

फेरुच्चो मग अंब्रियात गेला, जमीन घेतली आणि द्राक्षं लावली. शेतकऱ्याचा पोरगा पुन्हा शेतात. तिथल्या एका वाइनला मिउराचं नाव देण्याचा मोह मात्र त्याला आवरला नाही. 20 फेब्रुवारी 1993 रोजी, वयाच्या 76 व्या वर्षी तो गेला.

तर, घोडा की बैल? उत्तर काहीही द्या, पण ते देताना तुम्हाला गाडी कशासाठी हवी आहे, ते आधी सांगा. आणि कट्ट्यावरची ती स्कूटर पुन्हा बंद पडली, तर नावं ठेवत बसण्याआधी एकदा पाना घेऊन खोलून बघा.