तुटलेला दोर आणि एडवर्ड व्हिंपर

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आपण सगळ्यांनीच घरी ऐकलेली असते. पण सुंभ तुटतो कधी, किती झटक्याला तुटतो, गाठीपाशी तुटतो की मधेच, हा प्रश्न इंजिनिअरिंगला येऊनही आपल्याला फारसा पडत नाही. एसओएमच्या लॅबमध्ये यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड धाडकन तुटतो, आपण रीडिंग लिहून घेतो, जर्नलवर सही मिळवतो आणि थेट कँटीन गाठतो. मित्रांनो, आज ज्याच्याबद्दल लिहितेय त्या माणसाच्या आयुष्यात असाच एक दोर तुटला. फरक इतकाच, की तो लॅबमध्ये तुटला नाही.

एडवर्ड व्हिंपरचा जन्म २७ एप्रिल १८४० रोजी लंडनला झाला. वडील लाकडी ठशांवर चित्रं कोरणारे कारागीर. घरात अकरा भावंडं, त्यातला हा दुसरा. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली कोरीवकाम शिकायला लागला. त्या काळी पुस्तकातली चित्रं छापायची म्हणजे आधी ती लाकडात उलटी कोरावी लागत. एक रेघ चुकली की ठसा वाया! अशा कामात नजर आणि हात दोन्ही पक्के होतात.

१८६० साली लाँगमन या प्रकाशकाने त्याला आल्प्स पर्वताची चित्रं काढायला पाठवलं. वय वीस, म्हणजे आपल्याच एवढा. याआधी त्याने खरा पहाड पाहिलासुद्धा नव्हता. चित्रं काढायला गेलेला हा मुलगा शिखरांच्या प्रेमातच पडला. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर मॅटरहॉर्न नावाचा ४४७८ मीटर उंचीचा सुळका आहे. तोपर्यंत त्यावर कुणीही चढलेलं नव्हतं. व्हिंपरच्या डोक्यात तो जो बसला तो बसलाच. १८६१ पासून सात-आठ वेळा तो वर गेला आणि दर वेळी हात हलवत परत आला. १८६२ मध्ये एकटाच गेला असताना उतरताना पाय सुटला आणि तो आपटत आपटत सुमारे ६० मीटर खाली गेला. डोकं फुटलं, पण वाचला. आणि काही दिवसांतच हा पठ्ठ्या पुन्हा त्याच डोंगरावर! पीळ जळत नाही म्हणतात तो हा असा.

तो नुसता हट्टी नव्हता, त्याचं डोकंही आपल्या लाइनचं होतं. स्वतः डिझाइन केलेला तंबू त्याने वापरला आणि तो पुढे अनेक वर्षं व्हिंपर तंबू म्हणूनच ओळखला गेला. उतरताना खडकाला अडकवलेला दोर खालून सोडवून घेता यावा म्हणून लोखंडी कडी वापरायची युक्तीही त्याने काढली होती.

आता गोष्टीतला टेक्निकल भाग. लंडनला १८५७ साली अल्पाइन क्लब स्थापन झाला होता. त्या काळी गिर्यारोहक कमरेलाच दोर बांधत, हार्नेस वगैरे काही नव्हतं. बाजारात मिळेल तो दोर घ्यायचा, हाताने ओढून बघायचा आणि निघायचं. क्लबने एक समिती नेमली आणि १८६४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने दोराला नुसतं वजन टांगून बघितलं नाही. तिने १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन दोराला बांधून पाच फुटांवरून खाली सोडलं. कारण उघड आहे. डोंगरावर माणूस दोराला टांगलेला नसतो, तो पडतो आणि दोराला झटका बसतो. गणित करून बघा, ७६ किलो गुणिले ९.८१ गुणिले दीड मीटर म्हणजे जवळजवळ ११०० ज्यूल ऊर्जा एका क्षणात दोराला पचवायची असते. या झटक्याला बाजारातले बरेच दोर तुटले. मनिला, इटालियन हेम्प आणि फ्लॅक्स असे मोजकेच दोर पास झाले.

समितीने गाठींचाही विचार केला. कोणत्या गाठी माराव्यात आणि कोणत्या टाळाव्यात हे अहवालात दिलं, कारण गाठ मारली की दोराची ताकद कमी होते. का? सोपं आहे. गाठीत दोर वाकतो. वाकल्यावर बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतले कमी. सगळ्या तंतूंनी मिळून उचलायचा भार थोड्याच तंतूंवर येतो. म्हणून टेस्टमध्ये दोर बहुतेक वेळा गाठीत शिरतो तिथेच तुटतो. वळण जितकं तीव्र तितकं नुकसान मोठं. साधी एकेरी गाठ दोराची ताकद ढोबळमानाने ३५ ते ४० टक्क्यांनी खाली आणते, तर आठाच्या आकड्याची गाठ तीन-चतुर्थांश ताकद शिल्लक ठेवते. पण ताकद ही एक गोष्ट आणि भरवसा ही दुसरी. एखादी गाठ ताणाखाली मजबूत असते, पण दोर सैल पडून हलत राहिला की हळूहळू सुटते. बोलाइन गाठीची हीच खोड आहे. म्हणून गाठीची परीक्षा दोन्ही प्रकारे घ्यावी लागते, तोडूनही आणि हलवूनही.

तर १८६४ मध्ये हे ज्ञान छापून तयार होतं. पुढच्याच वर्षी, १४ जुलै १८६५ ला, दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी व्हिंपर मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचला. सोबत सहा जण होते. पाद्री चार्ल्स हडसन, अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो, शामोनीचा वाटाड्या मिशेल क्रो आणि झेरमाटचे टाऊगवाल्डर बापलेक, दोघांचंही नाव पीटर. व्हिंपर स्वतः पंचवीसचा.

त्यांच्याकडे तीन प्रकारचा दोर होता आणि तो सगळा व्हिंपरचा होता. २०० फूट मनिला दोर क्लबने पास केलेला. १५० फूट दोर त्याहून जाड. आणि २०० फुटांहून जास्त असा एक जुना, बारीक दोर, जो फक्त खडकाला बांधून मागे सोडून द्यायची वेळ आली तर असावा म्हणून घेतलेला. माथ्यावर तासभर थांबून ते उतरायला लागले. सगळ्यात पुढे क्रो, मग हॅडो, हडसन, डग्लस आणि थोरला पीटर. व्हिंपर चित्र काढत मागे राहिला होता, तो आणि धाकटा पीटर नंतर त्यांना येऊन मिळाले. अवघड जागी खडकाला जादा दोर बांधावा असं व्हिंपरने हडसनला सुचवलं होतं, हडसनला ते पटलंही होतं, पण नक्की काही ठरलं नाही आणि ते राहूनच गेलं.

तीनच्या सुमाराला हॅडोचा पाय घसरला. तो क्रोवर आदळला, दोघे खाली गेले, त्यांच्या झटक्याने हडसन गेला, लगेच डग्लस. वर थोरला पीटर आणि व्हिंपर खडकाला घट्ट चिकटले. दोर ताणला गेला आणि डग्लस व थोरला पीटर यांच्या मधोमध तुटला. चौघेही सुमारे १२०० मीटर खाली हिमनदीवर कोसळले. डग्लसचा देह कधीच सापडला नाही.

खाली आल्यावर गावात कुजबुज सुरू झाली, की थोरल्या पीटरने स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला. इथे व्हिंपर खऱ्या अर्थाने टेस्टर म्हणून समोर येतो. त्याने वरच दोराचं टोक तपासलं होतं. दोर कापलेला नाही, हवेतच तुटलाय, आधी खराब झाल्याची खूणही दिसत नाही, असं त्याने स्पष्ट नोंदवलं. पण त्याच वेळी त्याला दिसलं, की पीटर आणि डग्लसच्या मधे बांधलेला दोर तो तिसरा, जुना आणि सगळ्यात कमजोर होता! म्हणजे गाठी टिकल्या. दोर टिकला नाही. आणि चांगला दोर सोबत होता.

झेरमाटला चौकशी झाली. दोर कमजोर वाटला असता तर आपण तो घेतलाच नसता, असं थोरल्या पीटरने तिथे सांगितलं. चौकशीत वाटाड्यांना दोष दिला गेला नाही, पण अहवाल कित्येक वर्षं जाहीरच झाला नाही. व्हिंपरनेही कापल्याचा आरोप फेटाळला, मात्र कमजोर दोर पीटरने मुद्दाम निवडला असेल का, ही शंका आपल्या पुस्तकात शिल्लक ठेवली. पीटर काही वर्षं अमेरिकेला निघून गेला, परत आला आणि १८८८ मध्ये वारला. संशय शेवटपर्यंत त्याला चिकटून राहिला.

मला स्वतःला इथे व्हिंपरचं पटत नाही. दोर त्याचा, त्याचा दर्जा सगळ्यात जास्त ठाऊक असलेला माणूस तोच, आणि क्लबचा मेंबरही तोच. पीटरने दोर नजरेने जोखला, जसा त्याच्या आधी सगळेच जोखत होते. टेस्टचा रिझल्ट गाठ मारणाऱ्या हातापर्यंत पोचलाच नाही, तर दोष फक्त त्या हाताचा कसा?

व्हिंपर पुढे ४६ वर्षं जगला. १८७१ मध्ये त्याचं आल्प्सवरचं पुस्तक आलं, चित्रं त्याने स्वतः कोरलेली. तो दोनदा ग्रीनलंडला गेला. ४ जानेवारी १८८० ला इक्वेडोरमधल्या ६२६३ मीटर उंच चिंबोराझोवर तो पहिल्यांदा चढला, तेही मॅटरहॉर्नवर ज्याच्याशी शर्यत लागली होती त्या जाँ-आंत्वान कारेलला सोबत घेऊन. तिथे त्याने अ‍ॅनेरॉइड बॅरोमीटर पाऱ्याच्या बॅरोमीटरशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले आणि अ‍ॅनेरॉइडवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये हे आकड्यांनी दाखवून दिलं. १६ सप्टेंबर १९११ ला शामोनीच्या एका हॉटेलात त्याचं निधन झालं. तिथेच त्याची कबर आहे. तुटलेला दोर मात्र झेरमाटच्या म्युझियममध्ये काचेआड ठेवलाय.

आज गिर्यारोहणाचा दोर नायलॉनचा असतो, आत तंतूंचा गाभा आणि वर विणलेलं आवरण. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटना यूआयएएच्या टेस्टमध्ये ८० किलो वजन जवळपास पाच मीटर खाली पडू देतात. सिंगल दोराने असे किमान ५ झटके सोसायला हवेत आणि पहिल्या झटक्यात माणसावर येणारं बल १२ किलोन्यूटनच्या पुढे जाता कामा नये. कल्पना तीच, १८६४ ची, वजन टांगू नका, पाडून बघा. आणि कमरेला आज आठाची गाठ मारतात, ती जास्त मजबूत आहे म्हणून नव्हे तर सहसा सुटत नाही आणि बरोबर बसली आहे की नाही हे दुसऱ्याला एका नजरेत कळतं म्हणून.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ट्रेकला जाताना ग्रुपमध्ये कुणीतरी दोर आणतंच. तो कुणाचा, किती वर्षांचा, कशासाठी घेतलेला, हे सगळ्यांसमोर विचारायला लाजू नका. आणि शेजाऱ्याची गाठ तपासा, त्याला तुमची तपासू द्या. व्हायवात चुकलं तर एटीकेटी मिळते. डोंगर एटीकेटी देत नाही.