तिसऱ्या क्रमांकाचे चिंतामणराव

सोलापुरात मी बरीच वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा पाठ आला की मुले जांभया देत आणि, खरे सांगायचे तर, मीही तो घाईघाईने उरकत असे. एका वर्षी विड्या वळणाऱ्या बाईच्या मुलीने विचारले की, माझ्या आईला यात मत का नाही? आईचे मत आमदार-खासदारांमार्फत पोहोचते, १९७१ च्या जनगणनेवरून महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ ठरते, असे मी सांगितले. तिचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. म्हणून एक प्रत्यक्ष निवडणूक उलगडून दाखवायचे ठरवले आणि १९६९ सालापाशी थांबलो. तिथे चिंतामणराव देशमुख भेटले.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा माणूस. मॅट्रिकला पहिला, पहिली शंकरशेट शिष्यवृत्ती त्याचीच. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकला, १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला आला. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. १९५० मध्ये अर्थमंत्री. १९५२ साली कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेल्या या मंत्र्याने मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली खुर्ची सोडली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपद; शिवाय कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद. पहिला क्रमांक ज्याच्या अंगवळणी पडला होता, त्याला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तिसरा क्रमांक मिळाला.

झाकीर हुसेन यांच्या निधनाने राष्ट्रपतिपद रिकामे झाले होते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी. पण पंतप्रधान इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्यायला सांगितले आणि त्याचा लाभ व्ही. व्ही. गिरींना झाला. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी चिंतामणरावांना उभे केले होते. काँग्रेसश्रेष्ठी निजलिंगप्पा त्या पक्षांकडे रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मते मागायला गेले आणि काँग्रेसमधली दुफळी आणखी चिघळली.

मी फळ्यावर आकडे लिहिले : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयाला हवी होती ४,१८,१६९. कोणीच पोहोचले नव्हते! मग मागे पडलेल्यांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजली गेली. चिंतामणरावांच्या मतदारांपैकी बहुतेकांचा कौल रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. राष्ट्रपतीचा निकाल दुसऱ्या पसंतीवर लागला तो तेवढ्या एकाच वेळी. १९८२ साली चिंतामणराव हैदराबादेत वारले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या या तिसऱ्या क्रमांकाला एक ओळही नव्हती.

नंतर वर्गातच तीन उमेदवार उभे केले. मुलांनी चिठ्ठ्यांवर १, २, ३ असे आकडे घातले. पहिल्या मोजणीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते नव्हती. तिसरा आलेला मुलगा रडवेला होऊन बाकावर बसला होता. त्याच्या चिठ्ठ्या मी पुन्हा उलगडू लागलो, तसा तो उठून टेबलापाशी आला, माझ्या हातातून त्या घेतल्या आणि स्वतःच मोजू लागला. विड्यावालीची मुलगी फळ्यावर बेरीज मांडत होती.