सर टिम बर्किन आणि दोन बेंटली



आपल्या इंदूरच्या घरांत मोटारींचा विषय निघाला, की यशवंतराव होळकर महाराजांच्या गाड्यांची आठवण हटकून निघते. महाराज विलायतेत शिकले ते 1920 च्या दशकात. त्या काळी तिथल्या तरुणांना मोटार शर्यतींचे वेड लावणाऱ्या एका माणसाची आज ओळख करून देत आहोत. बँकेत असताना वाहनकर्जाचे पुष्कळ अर्ज आम्ही तपासले; पण दोन चांगल्या गाड्यांतून एक निवडण्यातला खरा पेच आम्हाला या माणसाच्या चरित्रात उमगला.

हेन्री बर्किन यांचा जन्म 1896 सालचा, नॉटिंगहॅमचा. लेसच्या धंद्यात घराणे श्रीमंत झालेले. सारे त्यांना टिम म्हणत. पहिल्या महायुद्धात ते हवाई दलात होते. पॅलेस्टाइनमध्ये मलेरिया जडला, तो कायमचाच. अंगाने लहानखुरे, बोलताना अडखळणारे. पण निळ्यावर पांढरे ठिपके असलेला रुमाल गळ्यात बांधून स्टीअरिंगवर बसले, की माणूस पार बदलून जाई.

फ्रान्समधील ले मान्सची शर्यत 1923 साली सुरू झाली. सलग 24 तास, साध्या सार्वजनिक रस्त्यांवर, दोन चालकांनी आळीपाळीने गाडी हाकायची. गाडीही मडगार्ड आणि दिव्यांसह, रस्त्यावर चालणारीच हवी. 1928 साली बर्किन यांचे चाक शर्यतीत फुटले आणि वजन वाचवण्यासाठी जॅक गाडीत घेतलेलाच नव्हता! जोडीदार शासान्य, वय 46, जॅक घेऊन गाडीपर्यंत धावत गेले. तरीही दोघे पाचवे आले.

यानंतर पेच उभा राहिला. बेंटलीच्या साडेचार लिटर गाडीचा वेग आता पुरत नव्हता. तो वाढवायचा कसा?

कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचे मत स्पष्ट होते: इंजिन मोठे करा. त्यांची स्पीड सिक्स साडेसहा लिटरची, सहा सिलिंडरची, शर्यतीसाठी सुमारे 200 अश्वशक्तीची. बर्किन यांना मात्र साडेचार लिटरचेच चार सिलिंडरचे इंजिन ठेवून त्याला सुपरचार्जर बसवायचा होता. हा पंप हवा आणि पेट्रोलचे मिश्रण इंजिनात जोराने कोंबतो. शर्यतीच्या गाडीची ताकद त्याने 240 अश्वशक्तीवर गेली. पण उष्णता वाढली, पेट्रोलचा खप वाढला आणि इंजिनावरचा ताणही. बेंटली यांचा विरोध नेमका यालाच होता.

बर्किन ऐकेनात. वेल्विन येथे त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. घरचा पैसा आटला तेव्हा डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीने भार उचलला. ले मान्सला उतरण्यासाठी अशा 50 गाड्या ग्राहकांसाठी बांधणे भाग होते. कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो यांनी बेंटली यांचा विरोध डावलून तेही मान्य केले. हीच ती प्रसिद्ध ‘ब्लोअर’.

नियतीचा खेळ पाहा. 1929 साली बर्किन यांनी ले मान्स जिंकली, ती बार्नाटो यांच्या जोडीने आणि स्पीड सिक्समधून!

1930 साली ते स्वतःची ब्लोअर घेऊन उतरले. कॅराचिओला यांच्या मर्सिडीजला त्यांनी चाक गवतावर घालून मागे टाकले. टायरचा थर उडून गेला, तरी वेग कमी केला नाही. रात्री मर्सिडीज बंद पडली. पण उतरलेल्या दोन्ही ब्लोअरही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. पहिला आणि दुसरा क्रमांक स्पीड सिक्सनेच पटकावला.

मग ब्लोअर वाईट होती का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच वर्षी पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये मडगार्ड आणि दिवे उतरवलेली ही अवजड गाडी हलक्या बुगाटींच्या गर्दीत दुसरी आली. 1932 साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर एका आसनाच्या ब्लोअरने ताशी सुमारे 222 किलोमीटर वेगाने फेरी मारून विक्रम केला. एका फेरीसाठी ती अजोड होती. 24 तासांसाठी नव्हती.

हिशेब मात्र जड गेला. पॅजेटबाईंनी संघाचा हात सोडला आणि 1931 साली बेंटली कंपनीही रोल्स-रॉईसकडे गेली. त्याच वर्षी बर्किन यांनी अर्ल हाऊ यांच्यासह पुन्हा ले मान्स जिंकली, पण इटालियन अल्फा रोमिओतून.

मे 1933 मध्ये त्रिपोलीच्या शर्यतीत ते तिसरे आले. तिथे तापलेल्या एक्झॉस्ट पाइपला लागून हात भाजला. जखमेकडे दुर्लक्ष झाले, त्यात जुना मलेरिया. 22 जूनला लंडनमध्ये ते गेले. वय अवघे 36.

जिने आपल्याला जिंकून दिले ती गाडी सोडून त्यांनी मनात भरलेली गाडी धरली. आमच्यासारख्या हिशेबी माणसाला हे पटत नाही. तरी आज लोकांना बर्किन आठवतात ते ब्लोअरमुळेच. आपल्या मुला-नातवंडांनी गाडी निवडताना अश्वशक्तीचा आकडा जरूर पाहावा, पण ती रोज किती धावणार आहे हे आधी ठरवावे. आणि हो, जॅक गाडीत असू द्यावा.